रॅप्चर आणि सात वर्षांचं संकट: बायबलच्या मजकुरात आहे की पानाखालच्या टिपांत?

मोहननगरची_टीचर यांचा प्रश्न

जय ख्रिस्त मंडळी. मी नागपूरला मोहननगरात राहते आणि चर्चमध्ये सातवी ते नववीच्या मुलांचा संडेस्कूलचा वर्ग घेते. मागच्या महिन्यात बायबलच्या शेवटच्या पुस्तकाचा, प्रकटीकरणाचा पाठ सुरू केला तेव्हा एका मुलानं विचारलं, "टीचर, गाडीवरचा फास्टॅग म्हणजे श्वापदाची खूण का?" (प्रकटीकरणात शेवटच्या काळी दुष्ट सत्ता लोकांवर लावते ती खूण.) मी तोंड उघडायच्या आत बाजूचा म्हणाला, "नाही रे, खूण रॅप्चरनंतर येते. तेव्हा आपण नसूच." मग एका मुलीनं वहीचं मागचं पान उघडून दाखवलं. तिथे स्केलनं आखलेली रेघ होती. आधी मंडळीचा म्हणजे चर्चचा काळ, मग रॅप्चर म्हणजे विश्वासणारे वर उचलले जाणार, मग सात वर्षांचं महासंकट, साडेतीन अधिक साडेतीन, मग येशूचं परत येणं, हजार वर्षांचं राज्य आणि शेवटी न्याय. तारखा तेवढ्या नव्हत्या.

मुलांना हे यूट्यूबवरून आणि एका कन्व्हेन्शनच्या शिबिरातून कळलंय. माझी त्याला हरकत नाही. पण घरी येऊन मी मराठी पवित्र शास्त्र घेऊन बसले आणि ही रेघ शोधू लागले. तुकडे सापडतात. १ थेस्सलनीकाकरांस ४ मध्ये मेघांत घेतलं जाणं आहे, दानीएल ९ मध्ये सत्तर सप्तकं आहेत, प्रकटीकरण २० मध्ये हजार वर्षं आहेत, मत्तय २४ मध्ये मोठं संकट आहे. पण हे सगळं या क्रमानं एका ठिकाणी कुठेच नाही.

नंतर बाबांचं जुनं इंग्रजी बायबल काढलं. बाबा रेल्वेत होते. अजनीच्या क्वार्टर्समधलं एक अँग्लो-इंडियन कुटुंब देश सोडून गेलं, तेव्हा ते त्यांना देऊन गेलेलं. स्कोफील्ड रेफरन्स बायबल, १९१७ ची आवृत्ती. त्यात मुलीच्या वहीतली रेघ जशीच्या तशी आहे, पण ती पानांच्या खाली, टिपांत. आणखी एक गोष्ट दिसली. मत्तय ६ मध्ये, प्रभूच्या प्रार्थनेत "आमची ऋणे आम्हांस सोड" च्या खाली टीप आहे की ही नियमशास्त्राची, म्हणजे मोशेच्या नियमांची भूमिका आहे, कृपेची नव्हे. बाबांनी तिथे पेन्सिलनं मोठं प्रश्नचिन्ह काढलंय. दर रविवारी आम्ही सगळे उभं राहून तीच प्रार्थना म्हणतो!

तर ही रेघ शास्त्राची की स्कोफील्डसाहेबांची? आणि आमच्या मराठी बायबलमध्ये अशा टिपा नाहीत, तर मग ती आमच्या मुलांच्या वहीत पोचली कशी? कृपया "प्रार्थना करा, उत्तर मिळेल" एवढंच लिहू नका. ती मी करतेच.

---

जुना_जुळारी यांचं उत्तर

ताई, मी पाळक नाही आणि सेमिनरीत शिकलेलाही नाही. बर्डीच्या मागच्या बाजूच्या एका छापखान्यात खिळे जुळवण्यात माझी उमर गेली. त्यामुळे मी कोणतंही पुस्तक आधी पान म्हणून बघतो, मग मजकूर म्हणून. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या पानाच्या मांडणीत आहे.

स्कोफील्डचं बायबल १९०९ साली निघालं, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या न्यूयॉर्क शाखेतून. प्रकाशकाचं नाव लक्षात घ्या. त्या काळी शाळेतला मास्तर ऑक्सफर्डचा छाप पाहिला की पुढे शंका घेत नसे. सायरस स्कोफील्ड स्वतः वकील होता. अमेरिकेच्या यादवी युद्धात तो दक्षिणेच्या फौजेत लढला, १८७९ च्या सुमारास ख्रिस्ताकडे वळला आणि १८८२ पासून डॅलसला पाळक झाला. धर्मशास्त्राचं रीतसर शिक्षण नव्हतं, पण वकिली डोकं होतं. कलमाला कलम जोडून दावा उभा कसा करायचा, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

त्यानं मजकूर घेतला किंग जेम्सचा, म्हणजे १६११ च्या इंग्रजी भाषांतराचा, एकही शब्द न बदलता. मग पानात तीन गोष्टी घातल्या. एक, एका वचनावरून दुसऱ्यावर नेणारी संदर्भांची साखळी. दोन, खाली बारीक टायपात टिपा. आणि तीन, जिच्याकडे कुणी लक्ष देत नाही ती गोष्ट: वचनांच्या मधोमध मथळे. तुमच्या बाबांच्या प्रतीत उत्पत्तीचा पहिला अध्याय उघडा. पहिल्या वचनावर मथळा आहे "मूळ सृष्टी". दुसऱ्यावर आहे "पृथ्वी न्यायदंडानं उजाड झाली". आता वचनात काय आहे? पृथ्वी आकारविरहित व शून्य होती, एवढंच. न्यायदंड कुठून आला? मथळ्यातून! पहिल्या आणि दुसऱ्या वचनामध्ये न मोजलेला काळ गेला असं त्याचं मत होतं, आणि ते मत त्यानं वचनांच्या फटीत बसवलं. वाचणारा मथळा आधी वाचतो, मग वचन. आम्ही जुळारी लोक मथळ्याला ठळक खिळा लावतो तो कशासाठी? डोळा आधी तिथे पडावा म्हणूनच ना.

समासातली गोष्ट शास्त्रात कशी मिसळते त्याचा याहून जुना दाखला आहे. आयर्लंडचे आर्चबिशप अशर यांनी सतराव्या शतकात हिशेब मांडला की सृष्टी इसवी सनापूर्वी ४००४ साली झाली. १७०१ पासून इंग्रजी बायबलांच्या समासात तो आकडा छापू लागले. पुढे कित्येक पिढ्या लोक "बायबलमध्ये ४००४ लिहिलंय" असं शपथेवर सांगत होते. बायबलमध्ये असा आकडा नाही.

आता तुमच्या रेघेकडे येतो. तिचं मूळ स्कोफील्ड नाही. जॉन नेल्सन डार्बी म्हणून आयर्लंडच्या अँग्लिकन चर्चचा एक पाळक होता. तो बाहेर पडून प्लिमथ ब्रदरन मंडळींचा मोठा शिक्षक झाला. १८३० च्या दशकात त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी मांडलं की येशूचं येणं दोन टप्प्यांत आहे. आधी मंडळीला उचलायला, मग संकटानंतर उघडपणे, सर्वांसमोर. याची गुरुकिल्ली दानीएल ९. सत्तर सप्तकं म्हणजे ४९० वर्षं. त्यातली एकोणसत्तर, म्हणजे ४८३ वर्षं, मसीहापाशी संपली. तिथे देवाचं घड्याळ थांबलं, कारण इस्राएलनं राजाला नाकारलं. मध्ये मंडळीचा काळ, जो संदेष्ट्यांना दिसलाच नाही. मंडळी उचलली की घड्याळ पुन्हा सुरू, आणि उरलेलं सप्तक म्हणजे तुमच्या मुलीच्या वहीतली सात वर्षं. ही मधली रिकामी जागा दानीएलच्या मजकुरात लिहिलेली नाही. ती आहे असं धरलं तर रेघ उभी राहते, नाही धरलं तर सात वर्षांना बसायला जागा नाही.

डार्बीची पुस्तकं वाचणारे थोडे. इंग्रजी अशी किचकट की चहा निवून जाईल तरी वाक्य संपणार नाही. स्कोफील्डनं तीच मांडणी सोपी करून शास्त्राच्याच बांधणीत घातली. प्रकटीकरण ४ च्या पहिल्या वचनात योहानाला "इकडे वर ये" अशी हाक येते. खाली टीप सांगते की ही हाक म्हणजे १ थेस्सलनीकाकरांस ४ ची पूर्तता आहे असं स्पष्ट दिसतं, आणि पुढे मंडळी हा शब्द सगळं पूर्ण होईपर्यंत येत नाही. वर फक्त योहानाला बोलावलंय. अख्खी मंडळी उचलली ती रेषेखाली.

आणि ही गंमत बघा. ज्या राजा जेम्सच्या नावाचं ते भाषांतर, त्याला टिपांची मोठी चीड होती. त्याच्या आधी घरोघरी चालायचं ते १५६० चं जिनिव्हा बायबल. त्याच्या समासात पोपला ख्रिस्तविरोधी ठरवलेलं होतं, आणि राजांची आज्ञा मोडण्यालाही कुठे कुठे शाबासकी होती. १६०४ च्या हॅम्प्टन कोर्टच्या बैठकीत जेम्सनं त्या टिपांना पक्षपाती आणि राजद्रोही म्हटलं, म्हणून १६११ चं भाषांतर मतांच्या टिपांशिवाय निघालं. तीनशे वर्षांनी त्याच कोऱ्या पायरीवर स्कोफील्डनं आपलं दुकान मांडलं.

तेव्हा शेवटाच्या काळाचा खलनायक कोण, हे बऱ्याचदा समासानंच ठरवलंय. लूथरच्या १५२२ च्या जर्मन नव्या करारात तर टीपही लागली नाही, चित्रानंच काम झालं. चित्रकार क्रानाखच्या कोरीव चित्रात प्रकटीकरणातल्या बाबेलच्या कलावंतिणीच्या डोक्यावर पोपचा तिहेरी मुकुट होता. आरडाओरडा झाला, आणि डिसेंबरच्या दुसऱ्या आवृत्तीत मुकुट साधा करावा लागला. स्कोफील्डच्या यहेज्केल ३८ च्या टिपेत पोपच्या जागी रशिया आहे. त्या अध्यायातलं मेशेख म्हणजे मॉस्को, तुबाल म्हणजे तोबोल्स्क. ही टीप बोल्शेविक क्रांतीच्याही आधीची आहे. शीतयुद्धात अमेरिकेतल्या लोकांनी ती उघडली तेव्हा त्यांना संदेष्टाच बोलतोय असं वाटलं असणार, त्यात नवल नाही.

आता दुसरा प्रश्न, की हे आपल्याकडे कसं पोचलं. नागपुरात स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप १८४५ ला आले. हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. ती प्रेस्बिटेरियन मंडळी वेस्टमिन्स्टरच्या विश्वासवचनावर चालणारी. त्यात शेवट थोडक्यात आहे: मेलेल्यांचं पुनरुत्थान, एक न्यायाचा दिवस, संपलं. आकृती नाही, सात वर्षं नाहीत. माझी आजी "प्रभू येईल" म्हणायची, तेव्हा तिला एकच येणं माहीत होतं. आणि मराठी बायबल छापलं बायबल सोसायटीनं. १८०४ साली लंडनला ती सोसायटी निघाली तेव्हापासूनचा तिचा नियम: टीप नको, भाष्य नको. कारण साधं होतं. अँग्लिकन, बाप्टिस्ट, मेथडिस्ट सगळे एका टेबलावर बसवायचे तर टिपांवर भांडण होणारच. म्हणून आपल्या हाती आला तो कोरा मजकूर, फार तर मथळे आणि संदर्भ.

याचा एक परिणाम कुणी बोलत नाही. टिपा इंग्रजीत राहिल्या आणि इंग्रजी वाचणाऱ्या पाळकाच्या टेबलावर राहिल्या. त्यानं रात्री टीप वाचली आणि सकाळी मराठीत उपदेश केला. ऐकणाऱ्याला वर-खालची रेषा दिसतच नाही. अमेरिकेतला माणूस निदान पान उघडून बघू शकतो की हे बारीक टायपात आहे. आपल्याकडे बारीक टाइप आवाजात विरघळून आला. तुमच्या बाबांना पेन्सिलनं प्रश्नचिन्ह काढता आलं, कारण त्यांच्यासमोर पान होतं. यूट्यूबवर कुठे काढणार?

लांबलं. पण विषयच तसा आहे बाप्पा.

---

मारानाथा_अजनी यांचं उत्तर

टीचर, प्रेज द लॉर्ड. जुळारीकाकांनी अभ्यासपूर्ण लिहिलं, पण एकाच बाजूनं. मी ब्रदरन सभेत वाढलो, आई केरळची, इथे दवाखान्यात नर्स होती. आमच्या घरी स्कोफील्ड होतं आणि रायरीचं स्टडी बायबल, म्हणजे टिपांसकट बायबलही होतं, १९७८ चं. त्याच टिपांनी मला शास्त्र वाचायला शिकवलं. सेमिनरीचा खर्च ज्याला परवडत नाही त्या माणसाला पहिल्यांदा लेवीय आणि इब्री या पुस्तकांचा संबंध दिसला तो त्या साखळीमुळे. हे मोठं काम आहे, त्याला "दुकान" म्हणू नका.

दुसरं, हजार वर्षांचं राज्य काही डार्बीनं शोधलं नाही. दुसऱ्या शतकातले जस्टिन मार्टिर आणि आयरेनियस दोघेही ते खरंखुरं येणार असं मानत होते. पुढे ऑगस्टीननं त्याचा अर्थ मंडळीच्या चालू काळाशी जोडला आणि तेच रूढ झालं. म्हणजे जुनं कोण आणि नवं कोण?

तिसरं. यहुदी आपल्या देशात परत येतील हे स्कोफील्ड १९०९ ला लिहीत होता. यहुद्यांच्या मायदेशाला ब्रिटननं पाठिंबा दिला तो बाल्फोर जाहीरनामा १९१७ चा, इस्राएल १९४८ चं. लोक हसत होते तेव्हा ज्यानं संदेष्ट्यांचे शब्द जसेच्या तसे घेतले, तो खरा ठरला. याचं उत्तर द्या.

---

जुना_जुळारी

"दुकान" शब्द मागे घेतो, भाऊ. साखळीचा उपयोग मलाही झालाय.

आयरेनियसचं तुमचं म्हणणं बरोबर. पण तो हजार वर्षं मानत होता आणि ख्रिस्तविरोधी मंडळीला छळेल हेही मानत होता. संकटाआधी गुपचूप उचललं जाणं त्याच्याकडे नाही. हजार वर्षांवर विश्वास ठेवणं एक आणि टीचरच्या मुलीची पूर्ण रेघ मानणं दुसरं. स्टडी बायबलनं झालं ते हे, की दोन्ही एकाच पानावर आल्यानं लोकांना एकच वाटू लागलं.

१९४८ बद्दल: परत येण्याची आशा डार्बीच्याही आधी इंग्लंडच्या प्युरिटन लोकांत होती. पण मान्य करतो, त्या वर्षानं टिपांना जे वजन दिलं ते कुठल्या सेमिनरीनं दिलं नसतं. उलट बाजूही बघा. १९६७ ला न्यू स्कोफील्ड निघालं तेव्हा संपादक मंडळानं टिपा नव्यानं लिहिल्या. उत्पत्ति १२ च्या टिपेत एक वाक्य वाढलं, की यहुदीद्वेषाचं पाप करणाऱ्या राष्ट्रावर न्याय अटळ आहे. १९०९ नंतर जगात जे झालं ते बघून लिहिलेलं हे वाक्य. वरचं वचन मात्र तेच. टिपा बदलतात, आणि बदलल्या की वाचणाऱ्याला वाटतं शास्त्रच जास्त स्पष्ट झालं.

---

सेमिनरीहिल्स_कॅथलिक यांचं उत्तर

मी बाहेरचा, तरी बोलतो. आमच्याकडे नेमकं उलटं आहे. कॅथलिक कायद्याच्या ८२५ व्या कलमाप्रमाणे बायबलचं भाषांतर पुरेशा स्पष्टीकरणाशिवाय छापायचंच नाही. म्हणजे तुमच्या सोसायटीचा नियम "टीप नको", आमचा "टीप हवीच". पण आमच्या टिपांना बिशपांची मंजुरी लागते, आणि कॅथलिक शिकवणीत पृथ्वीवरच्या हजार वर्षांच्या राज्याला जागा नाही, म्हणून आमच्या प्रकटीकरणाखाली रोमचे सम्राट भेटतात, रशिया नाही. आमच्या पोरांना रॅप्चर कळलं ते अमेरिकन सिनेमातून आणि शेजारच्यांकडून.

तरी एक सांगतो. टिपा असल्या म्हणजे लोक वाचतात असं नाही. आमच्या घरच्या बायबलच्या टिपा मी पहिल्यांदा वाचल्या त्या हा धागा बघून.

---

एमआयडीसी_तरुणसंघ यांचं उत्तर

थोडं आजचंही बोला ना. आमच्या ग्रुपमध्ये कुणी छापील स्टडी बायबल उघडत नाही. ॲपमध्ये वचनावर बोट ठेवलं की खिडकी उघडते, ती कुणी लिहिली ते दिसतही नाही. मी एकदा प्रकटीकरण २० चार ठिकाणी उघडून बघितलं. मॅकआर्थरच्या स्टडी बायबलमध्ये खरीखुरी हजार वर्षं पुढे येणार. रिफॉर्मेशन स्टडी बायबलमध्ये ती रेघच सापडत नाही. इएसव्ही या इंग्रजी भाषांतराच्या २००८ च्या स्टडी बायबलमध्ये सगळी मतं शेजारी शेजारी मांडलीत. डेकचं १९६३ चं स्टडी बायबल काढलं तर टिपा मजकुरापेक्षा जास्त. बायबल तेच, शेवट चार! आमच्या लीडरला दाखवलं तर म्हणाला, "तू फक्त पहिलं वाच."

---

मोहननगरची_टीचर

सगळ्यांचे आभार. जुळारीकाका, उत्पत्तीचा मथळा लगेच काढून बघितला. तुम्ही म्हणता तसाच आहे. इतकी वर्षं ते बायबल घरात आहे आणि तो मथळा वचनाचाच भाग आहे असं धरून मी पुढे जात होते.

मारानाथादादा, मी मुलांची रेघ खोडणार नाही. तिच्यावर विश्वास ठेवून कितीतरी चांगली माणसं मेली आहेत, त्यात आमच्या घरचीही आहेत. पण कुठलं वर आहे आणि कुठलं खाली, हे मुलांना कळलं पाहिजे असं मला वाटतं. १ थेस्सलनीकाकरांस ४ पुन्हा वाचलं तर पौल तिथे वेळापत्रक देतच नाही. ज्यांची माणसं प्रभू यायच्या आधीच वारली आणि जे रडत बसलेत, त्यांना तो सांगतोय की ते मागे राहणार नाहीत. या वर्षी वर्गातल्या दोन मुलांचे आजोबा गेले. मी तिथूनच सुरू करणार आहे. फास्टॅगचं नंतर.

काका, एक विनंती. दानीएल ९ ची शेवटची चार वचनं, थेस्सलनीकाचा तो भाग आणि प्रकटीकरण २० ची पहिली दहा वचनं, असं एका कागदावर छापून मिळेल का? मथळे नकोत, टिपा नकोत. खाली अर्धं पान कोरं ठेवा, मुलं स्वतःच्या टिपा लिहितील. प्रत्येकानं खाली आपलं नावही लिहायचं, म्हणजे टीप कुणाची ते कळेल.

---

जुना_जुळारी

मिळेल. आता खिळे राहिले नाहीत, नातवाच्या कॉम्प्युटरवर लावतो. पण टाइप मोठा ठेवीन. केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात पंडिता रमाबाईंच्या बायबलचे खिळे मुलींनी जुळवले होते, तर तुमच्या त्या वहीवाल्या मुलीला प्रूफ तपासायला पाठवा. किती प्रती?

---

मारानाथा_अजनी

२ थेस्सलनीकाकरांस २ पण घाला. ते सोडलं तर मुलांना अर्धंच कळेल.

---

जुना_जुळारी

घालतो. त्या अध्यायावर दोन्ही बाजू दावा सांगतात, तेव्हा खालची कोरी जागा अर्ध्याहून जास्त लागेल. टीचर, कागद लीगल साइजचा घ्यावा लागेल.

---

मोहननगरची_टीचर

लीगल चालेल. पंचवीस प्रती.